मिशीवाल्यांसाठी वाळू

३ मार्च, रविवार

आजपासून धाकटीचे मासे माझ्या गळ्यात पडले.

धाकटी म्हणजे माझी बहीण. वरच्या मजल्यावर एकटी राहते. शाळेतली प्रयोगशाळा सांभाळायची, निवृत्त झाली आणि एक काचेची पेटी घेऊन बसली. पेटीत सहा मासे, सगळे तळाशी राहणारे. तोंडाला मिशा, अंगाला चिलखत, चेहरा असा की आत्ताच कोणी उधारी मागितली आहे. त्यांचं मोठं इंग्रजी नाव तिला पाठ आहे. मी त्यांना मिशीवाले म्हणतो.

उद्या तिला दवाखान्यात भरती व्हायचंय. पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, आधी तपासण्या करू, मग काढू, मग गाठ तपासायला पाठवू, मग सांगू. या तीन ‘मग’च्या मधे घरच्यांनी काय करायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

माझे गुडघे जिना चढत नाहीत, म्हणून पेटी खाली आणली. शेजारच्या सुताराने हात लावला. पाणी काढलं, मासे बादलीत घेतले आणि तळातले रंगीत खडे उपसले. खड्यांखालून असा वास आला की सुताराने नाकाला रुमाल लावला.

“दादा, ते खडे परत घालू नकोस,” धाकटी म्हणाली.

“का? छान दिसतात की.”

“छान कुणाला? हे बिचारे तळाशी नाक खुपसून जेवतात. खड्यांवर मिशा घासतात, फटीत घाण अडकते. बघ, निम्म्या झिजल्यात. वाळू घाल आता.”

“कुठली?”

“ते मी तुला सांगू? जन्म वाळूत गेला तुझा.”

हे मात्र खरं. चाळीसेक वर्षं भिंतींना गिलावा केला. शाळा चौथीत सुटली, वाचायला शिकलो ते सिमेंटच्या पोत्यांवरची अक्षरं लावत. पण वाळू मी कुणाला विचारून घेतली नाही, लोक मला विचारून घ्यायचे.

आमची ही म्हणाली, “झालं, वन्सं. आता हे वाळूशिवाय दुसरं बोलायचे नाहीत.”

“तेच पाहिजे, वहिनी,” धाकटी म्हणाली.

माशांवर किती जीव आहे बघा धाकटीचा. स्वतःच्या पोटाचं काय होणार ते माहीत नाही आणि चिंता मिशांची.

४ मार्च, सोमवार

दवाखान्यात गेलो होतो. जायला नको होतं.

त्या वासाने माझ्या पायांचं पाणी होतं. तिच्या नावाचा कागद खिडकीवर देईपर्यंत उभा होतो, मग भिंत जवळ आली. डोळे उघडले तर नर्सने मलाच चाकाच्या खुर्चीत घातलेलं आणि आत न्यायला निघालेली. धाकटी शेजारून पिशवी घेऊन चालत होती.

“पेशंट मी आहे,” ती नर्सला म्हणाली. “हे माझे मोठे भाऊ. धीर द्यायला आलेत.”

मग मला म्हणाली, “दादा, तू घरी जा. एकच पलंग मिळालाय.”

हिने मला बसमध्ये बसवून दिलं. म्हणाली, “इथलं मी बघते. तुम्ही मासे बघा.” ऑपरेशन अठराला आहे असं सांगितलं. तोपर्यंत तपासण्या.

घरी येऊन मासे बघितले. तळाला नुसती काच आहे. त्यांना खालून स्वतःचंच तोंड दिसतं, त्याने बिचकून इकडून तिकडे धावतात. बुडाखाली जमीन नसली की कुणाचीही तीच गत. वाळूचं काम लगेच हातात घ्यायला हवं.

६ मार्च, बुधवार

आज काम फत्ते.

मागच्या गल्लीत एक इमारत उभी राहते आहे. तिथल्या ढिगाकडे गेलो. तिथला मुकादम मला ओळखतो. मूठभर वाळू घेतली, कानाशी नेऊन चोळली. चांगली वाळू कुरकुर वाजते. वाजली म्हणजे दाण्याला धार आहे, धार आहे म्हणजे भिंतीला धरून राहते. मुकी वाळू घेऊ नये. ही अशी वाजली की मन प्रसन्न झालं. बाटलीत पाणी घालून हलवून पाहिली, गाळ अगदी नखाएवढा बसला. अव्वल माल.

दोनदा चाळली, सहा पाण्यांनी धुतली आणि पेटीत चांगली चार बोटं जाड घातली. सवयीने गिलावा सपाट करायचा रंधा घेऊन बसलो आणि समपातळीत आणली. पाणपातळी लावली तर बुडबुडा बरोबर मधे.

ही दवाखान्यातून आली, बघून म्हणाली, “भिंत आडवी पडल्यासारखी दिसते.”

“कौतुक म्हणून बोललीस की टोमणा?”

“चहा झाला की सांगते.”

मासे सोडले. खाली जाऊन बसले, हलले नाहीत. नवं घर आहे, रुळतील.

७ मार्च, गुरुवार

सकाळी तोंडचं पाणी पळालं. एक मिशीवाला तळातून बाणासारखा वर गेला, पाण्याबाहेर तोंड काढलं, परत खाली. मग दुसरा. म्हटलं गुदमरतायत. धाकटीला फोन लावला.

ती हसायलाच लागली. “अरे, ते हवा गिळतात. त्यांची पद्धतच आहे ती. पाणी बरं असलं तरी मधूनमधून जातात वर.”

“आधी सांगायचंस की.”

“सगळं आधी सांगितलं तर तू फोन कशाला करशील?”

कशी आहेस, ते विचारायचं राहून गेलं. पुन्हा लावावा म्हणत होतो, पण म्हटलं झोपली असेल.

१० मार्च, रविवार

काहीतरी चुकतंय.

दाणे टाकले की मासे येतात, वाळूला तोंड लावतात आणि चटका बसल्यासारखे मागे होतात. चश्मा लावून काचेशी नाक टेकवलं. दोघांच्या तोंडाच्या कडा लाल झाल्यात. एकाची डावी मिशी मुळापाशीच संपलीये. पूर्वी निम्मी होती, आता ठिपका.

वाळू उत्तम आहे. तिच्यात खोट काढायला जागा नाही. मग पाण्यात काही असेल का? की खाण्यात? मी नीट धुतली नाही का? पण हात तर दुखेपर्यंत धुतली.

संध्याकाळी धाकटीचा फोन. “मिशीवाले काय म्हणतात?”

“मजेत आहेत,” म्हणालो.

“वाळू आवडली?”

“आवडली म्हणजे काय, लोळतायत.”

फोन ठेवल्यावर ही माझ्याकडे बघत होती. न बोलता बघायची तिची एक तऱ्हा आहे, त्यापेक्षा चार शब्द परवडतात.

११ मार्च, सोमवार

मासेवाल्याच्या दुकानात गेलो. धाकटी त्याच्याकडूनच मासे घेते. चाळिशीचा, दाढीवाला, हळू बोलणारा माणूस. मी नाव सांगायच्या आत म्हणाला, “या काका. तुम्ही ताईंचे दादा ना?” चेहरेपट्टी सारखी आहे आमची, तेवढ्यावरून ओळखलं असणार.

मी नमुन्याची पुडी पुढे केली. “ही वाळू. खोट काढून दाखवा.”

त्याने चिमूट घेतली, तळहातावर पसरली. “काका, रागावणार नसाल तर एक करा. ही ओठांवर चोळा.”

“ओठांवर?”

“हातांवर नको. तुमचे हात गिलाव्याचे आहेत, त्यांना काही कळायचं नाही.”

चोळली. चरचरलं. दुसऱ्यांदा चोळायची इच्छा झाली नाही.

मग त्याने समजावलं. हे मासे वाळू नुसती चाटत नाहीत. घास भरून तोंडात घेतात, आतलं खाणं निवडतात आणि वाळू कल्ल्यांतून बाहेर टाकतात. दिवसभर तेच. म्हणजे माझी अव्वल, धारदार, कुरकुरणारी वाळू त्यांच्या तोंडातून आणि कल्ल्यांतून फिरत होती. खड्यांनी आणि खड्यांखालच्या घाणीने मिशा आधीच नाजूक झाल्या होत्या, मी वर कानस फिरवली.

चार बोटं जाडीही चुकली. खालपर्यंत हवा जात नाही, तळ सडतो. दोन बोटांच्या आत ठेवायची आणि मधूनमधून बोटाने हलवायची.

खुर्चीत बसून राहिलो. आयुष्यभर ज्या गुणासाठी वाळू निवडली, तोच गुण इथे अवगुण निघाला. भिंतीला बोचत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

“मरतील का?” विचारलं.

“आज वाळू काढून टाका. तळ उघडा राहिला तरी चालेल, सावलीला दोन गुळगुळीत चपटे दगड ठेवा. फिल्टर धुऊ नका. रोज थोडं पाणी बदला. मिशा मुळासकट गेल्या नसतील तर परत येतात.” मग म्हणाला, “आणि रोज पाण्याचा नमुना घेऊन या माझ्याकडे. रोज हं, काका. चुकवू नका.”

पाणी तपासायचे पैसे विचारले तर नको म्हणाला. चहा पाजला. धंदा येत नाही बिचाऱ्याला.

संध्याकाळभर वाटीने वाळू उपसली. धाकटीला सांगितलं नाही. तिच्या अंगावर आधीच एक ओझं आहे.

१२ मार्च, मंगळवार

मासेवाल्याकडे वाळूच्या पिशव्या होत्या, पण पेटीला पुरेल एवढी बारीक गोल वाळू यायला आठवडा लागेल म्हणाला. पांढरी शुभ्र एक होती. तिच्यात शिंपल्यांचा चुरा दिसला. चुन्याशी माझी जन्माची ओळख आहे. वर लिंबू पिळलं तर फसफसली. या वाळूने पाणी जड होईल म्हणालो, मासेवालाही हो म्हणाला. ती बाद.

मग मला आठवलं. गोल, मुकी, गुळगुळीत वाळू मी पाहिली आहे. पाहिली काय, शेकडो वेळा परत पाठवली आहे.

बसने रेतीवाल्याच्या वखारीत गेलो. माझ्याच वयाचा. बघताच ओरडला, “अरे मिस्त्री, अजून जिवंत?”

“तुला वाटेला लावल्याशिवाय कुठे जातो. तो मागच्या कोपऱ्यातला ढीग आहे का अजून? गोल दाण्याचा?”

त्याने पान थुंकावं तसं हसू थुंकलं. “तो ढीग? अहो, तुम्हीच चार गिऱ्हाइकांसमोर त्याला लाथ मारली होतीत. म्हणालात, ही वाळू आहे की मोहरी, भिंतीवर मारली तर घरंगळत माझ्याआधी घरी पोचेल. तेव्हापासून कुणी हात लावला नाही त्याला.”

“बरोबर बोललो होतो. भिंतीला कुचकामीच आहे.”

“मग आता काय करताय तिचं?”

“माशांना पाहिजे.”

तो जवळ आला. मग आवाज उतरवून म्हणाला, “मिस्त्री, घरी सगळं ठीक ना?”

“बहीण दवाखान्यात आहे. मासे तिचे.”

त्यानंतर त्याने थट्टा केली नाही. स्वतः फावडं घेतलं. वरची वाळू बाजूला सारली, “इथे मांजरं येतात,” म्हणाला, आणि आतली कोरडी, स्वच्छ भरून दिली. मी मूठ कानाशी नेली. गप्प. ओठांवर चोळली. काही नाही, पिठासारखी सरकली. जन्मात पहिल्यांदा मुक्या वाळूने बरं वाटलं.

पिशवी बसपर्यंत त्यानेच उचलून आणली.

१३ मार्च, बुधवार

दिवसभर वाळू धुतली.

ही पहाटेच निघाली. आज जास्तीच्या तपासण्या आहेत, लवकर बोलावलंय म्हणाली. डबा घ्यायचं विसरली. मी मागून हाक मारली तर “भूक नाही” म्हणाली. सकाळी सहाला कुणाला भूक असते म्हणा.

मी अंगणात घमेलं मांडतो न मांडतो, तोच मासेवाला दारात. दुकान बंद ठेवून आला होता.

“काका, म्हटलं वाळू धुताना तुम्हाला सोबत.”

“सोबत कशाला? वाळू धुणं आहे, परगावचा प्रवास नव्हे.”

“मला शिकायचंय तुमच्याकडून,” म्हणाला.

शिकायचं म्हणतो माणूस, तर नाही कसं म्हणायचं. मी त्याला घमेलं कसं कलतं करायचं, गाळ वर आला की हात कसा फिरवायचा म्हणजे वाळू राहते आणि गढूळ पाणी जातं, ते सगळं दाखवलं. लक्ष मात्र नव्हतं त्याचं. दर थोड्या वेळाने खिशातला फोन काढून बघायचा. दुकान बंद ठेवून आलेल्याचा जीव तिकडेच असणार.

मधे मी म्हणालो, “धाकटीला फोन लावू का? गोल वाळू मिळाली सांगतो.”

“आत्ता नको, काका,” तो पटकन म्हणाला. “तपासणीत असतील. हे पाणी बघा, अजून गढूळ आहे.”

पाणी तसं गढूळ नव्हतं. पण धुतलं.

दुपारी त्याचा फोन वाजला. उठून फाटकाबाहेर गेला. बराच वेळ पाठमोरा उभा होता. परत आला, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “झालं, काका. छान झालं.”

“कुठे झालं? अजून दोन पाणी बाकी आहेत.”

तो हसला, डोळे पुसले. गाळाचे शिंतोडे उडतात डोळ्यांत, मी आधीच सांगितलं होतं.

ही खूप उशिरा आली. चपला न काढताच खाटेवर बसली. तोंड सुकलेलं. म्हणालो, “धाकटी काय म्हणते?”

“झोपल्यात. छान झोपल्यात.” आणि एकाएकी माझा हात धरून बसली. माझा हात वाळूने पांढराफटक पडलेला, चिरा पडलेल्या. तिने तो सोडला नाही.

नुसत्या तपासण्यांनी एवढी दमली, तर अठराला काय होईल हिचं? उद्या बळेबळे घरी बसवतो.

१४ मार्च, गुरुवार

वाळू पेटीत गेली. दोन बोटांच्या आत. रंधा हातात आला होता, परत ठेवला. उंचसखल राहू दिली.

पाणी आधी दुधासारखं झालं, मग निवळलं. मासे दगडांखाली होते. बराच वेळ काही नाही. मी समोर स्टूल टाकून बसलो. ही म्हणाली, “असे डोळे वटारून बसलात तर मीसुद्धा जेवणार नाही.” म्हणून तोंड फिरवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत बसलो.

मग एक जण आला. वाळूला मिशी लावली, थांबला. पुन्हा लावली. आणि डोळ्यांपर्यंत तोंड आत घातलं. दोन्ही कल्ल्यांतून वाळूच्या धारा निघाल्या, धूर निघावा तशा.

मी हिला हाक मारली आणि उठून तिला स्टूल दिलं.

पाच जण जेवले. ठिपका नाही. ज्याची डावी मिशी संपली त्याला मी ठिपका म्हणतो. तो दगडाखालून हललाच नाही.

१६ मार्च, शनिवार

आज सकाळी ही म्हणाली, “चहा खाली ठेवा. ऑपरेशन झालं.”

“कुणाचं?”

“वन्संचं. बुधवारी. गाठ सबंध निघाली. काल उठून बसल्या. तुम्ही घाबराल म्हणून अठरा तारीख सांगायची असं त्यांनीच ठरवलं होतं.”

आधी राग आला. भाऊ मी, आणि मलाच अंधारात. भांडायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागलो. हिने कपातला चहा बशीत ओतला, निववला, पुढे केला. लहान मुलासारखा प्यायलो.

मग कपडे घातले आणि म्हणालो, चल. वास येत होताच, पण या वेळी पाय टिकले. बहुधा ती तिथे आत काय सोसून आली ते कळल्यावर वासाची लाज वाटली असेल.

धाकटी उशीला टेकून बसली होती. तोंड चिमणीएवढं झालंय. मला बघून म्हणाली, “आलास? खुर्ची रिकामीच ठेवली होती तुझ्यासाठी. चाकाची.”

“फसवलंस मला.”

“मग काय करू? चौथीच्या निकालाला तू गोठ्यात लपून बसला होतास, आणि निकाल माझा होता.”

नंतर विचारलं, “मिशीवाले?”

“मजेत,” मी म्हणालो. आता फसवणारे आम्ही दोघे झालो. पण ठिपका तीन दिवस जेवला नाही, हे त्या पलंगाशी उभं राहून कसं सांगायचं?

गाठीचा तपास यायचाय. निघाली, पण होती कसली, ते त्यावर ठरणार. डॉक्टर म्हणाले, बुध-गुरुवारपर्यंत.

१९ मार्च, मंगळवार

ठिपका जेवत नाही. मासेवाला येऊन बघून गेला. पाणी उत्तम आहे म्हणाला, तोंडाची लाली उतरतेय म्हणाला, वाट बघा म्हणाला. हल्ली सगळे तेच म्हणतात.

मनात एक खुळा सौदा घोळतोय, लिहायलाही लाज वाटते. ठिपका जेवला तर तिचा तपास चांगला येईल. माशाचा आणि गाठीचा काय संबंध? हे कळतं मला. कळून काय उपयोग, मी दर तासाला उठून पेटीशी जातोच.

हिला सांगितलं. वाटलं हसेल. ती म्हणाली, “मी काल बसचा नंबर बघून तेच करत होते.”

२१ मार्च, गुरुवार

नीट लिहितो, नाहीतर घाईत काहीतरी सुटेल.

ही सकाळी दवाखान्यात गेली. डॉक्टर दुपारी भेटणार होते. मला जमणार नाही म्हणून सांगितलं, तिनेही आग्रह केला नाही.

मी पेटीसमोर बसलो. पाच मासे वाळू उपसत होते. ठिपका दगडाखाली. दाणे टाकले. एक दाणा दगडापासून वीतभर लांब पडला. ठिपका पुढे सरकला. म्हटलं, ये बाबा, ये. एवढ्यात दुसऱ्याने येऊन तो दाणा गट्टम केला. ठिपका परत आत.

मी उठलो. म्हणालो, हे चालायचं नाही. सौदा-बिदा काही नाही. ती माझी बहीण आहे, तिचं भलंबुरं या माशाच्या भुकेवर टांगून ठेवणारा मी कोण? आणि याच्यावर तरी कशाला भार? आधीच मी त्याचं तोंड सोललंय. खाल्लं तर त्याच्यासाठी खाईल, नाही तर नाही. हे मी मोठ्याने बोललो असणार, कारण शेजारच्या सुताराने खिडकीतून विचारलं, “काका, कोण आलंय?”

“कुणी नाही. माशाशी बोलतोय.”

“बरं,” म्हणाला. या गल्लीत माझी काय अब्रू राहिली आहे देव जाणे.

मग मी बूट चढवले, दार ओढलं आणि बसने दवाखान्यात गेलो. ठिपका उपाशीच होता.

डॉक्टरांच्या खोलीबाहेर ही बसली होती. मला बघून सरकली, जागा केली. आत बोलावलं तेव्हा तिघं गेलो. धाकटी चालत, आम्ही दोघं तिला धरून. कोण कुणाला धरत होतं सांगता यायचं नाही.

डॉक्टर म्हणाले, “गाठ साधी होती. पुढे औषध नाही, काही नाही. तीन महिन्यांनी दाखवून जा, आणि जड उचलू नका.”

आम्ही जागचे हललो नाही. डॉक्टरांना वाटलं कळलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सोपं करून सांगितलं. आम्ही दुसऱ्यांदाही ऐकून घेतलं, मुद्दाम.

बाहेर येऊन धाकटी बाकावर बसली. “जीव भांड्यात पडला,” ही म्हणाली. धाकटी म्हणाली, “माझा पडला, आता वहिनी तुमचा उचला. रडताय काय?” तिचेही गाल ओलेच होते.

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. पेटीत पाहिलं. ठिपका दगडाबाहेर वाळूत तोंड खुपसून बसला होता आणि एकाच बाजूच्या कल्ल्यातून वाळू सोडत होता, दुसरी बाजू अजून दुखत असावी. कधीपासून जेवत होता कोण जाणे. मी बघत नसतानाच त्याला जमलं.

२४ मार्च, रविवार

धाकटी घरी आली. जिना चढायला मनाई आहे, म्हणून पुढच्या खोलीत तिची खाट टाकली, पेटीसमोर.

बसल्याबसल्या तिने पेटी पाहिली आणि म्हणाली, “याची मिशी कुठे गेली?”

आता लपवणं संपलं. सगळं सांगितलं. गिलाव्याची वाळू, रंधा, पाणपातळी, ओठ, सगळं. मान खाली घालून उभा होतो. वर पाहिलं तर ती पोटाशी उशी धरून हसत होती.

“पाणपातळी लावलीस?”

“बुडबुडा अगदी मधे होता.”

“दादा, गप्प बस. टाके दुखतात.”

ही आतून म्हणाली, “अहो, हसवू नका त्यांना.”

“मी कुठे हसवतोय? मी गुन्हा कबूल करतोय.”

त्यावर आणखी हसली. मग दम खाऊन म्हणाली, “हे बघ, खुंट आलाय. येईल परत मिशी.” मी चश्मा पुसून पाहिलं. खरंच, ठिपक्याच्या जागी बारीक पांढरं टोक होतं.

“मासेवाला येत होता का रे?” तिने विचारलं.

“रोज. एक दिवस तर दुकान बंद ठेवून आला, वाळू धुणं शिकायला. फार भला माणूस, पण धंदा येत नाही त्याला. तू जरा समजावून सांग.”

धाकटीने हिच्याकडे पाहिलं, हिने धाकटीकडे. दोघींना एकदमच खोकला आला. धाकटीने परत उशी धरली.

संध्याकाळी म्हणालो, तुझा जिना सुरू झाला की पेटी वर नेऊ. ही मधेच बोलली, “कशाला? वाळू भरलेली पेटी हलवली की तळ ढवळतो, तुम्हीच सांगितलंत.”

“ढवळतो खरा.”

“मग राहू दे. आणि मासे इथे म्हटल्यावर वन्संनी वर एकटीने काय करायचं?”

धाकटीने पेटीकडे पाहिलं. उशी खाली ठेवली आणि खाटेवर जरा ऐसपैस झाली.

२७ मार्च, बुधवार

आज काही घडलं नाही. धाकटी दुपारभर झोपली. ही तिच्या पायाशी बसून शिवत होती. मिशीवाल्यांनी पेटीचा एक कोपरा उपसून खड्डा केला आणि वाळूचा ढीग दुसरीकडे नेऊन घातला. मी सारखा केला नाही.